माहेरचं दरपत्रक

व्हिएन्ना, २ ऑक्टोबर १९६७

वहिनी,

बातमी आधी सांगते, खुशाली मागून विचारते. लिओपोल्डला नाताळात सलग सोळा दिवसांची रजा मिळाली! रेल्वेच्या कचेरीत नाताळची रजा म्हणजे काय ते तुला काय सांगू. लग्नाला अकरा वर्षं झाली, एकदाही हिवाळ्यात माहेरी येता आलं नाही. बाबांच्या मातीला आले ती ऑक्टोबरात, आणि नंतर दोनदा आलो ते उन्हाळ्यात.

या वर्षी यायचंच. गेर्डा नऊ वर्षांची झाली, पेटर सहाचा. हिंटरमोसच्या मुलीची मुलं, आणि स्कीवर उभंसुद्धा राहता येत नाही! लिओपोल्डने कोणाच्या तरी जुन्या स्की आणल्या आहेत आणि रोज संध्याकाळी जिन्याखाली बसून त्यांना मेण चोळतो. घरमालकीण वासाने बेजार झाली आहे.

आम्ही २१ डिसेंबरच्या गाडीने निघू. बाल्कनीची माझी खोली आम्हा दोघांना पुरे, मुलं आईजवळ झोपतील. तू फक्त गाद्यांना एकदा वारा दाखव. आणि दादाला सांग, भाच्यांना शिकवायचं काम त्याचं. दिवसभर स्कीवाल्यांच्या लिफ्टवरून परक्यांना डोंगरावर पाठवतोस, तर घरच्यांनाही पाठव म्हणावं.

आई पत्रात दोन ओळींपलीकडे काही लिहीत नाही. "मी खाली ऊबेत आहे, बरी आहे," एवढंच. तिला बातमी तूच सांग.

तुझी
झिटा


हिंटरमोस, १७ ऑक्टोबर १९६७

झिटा,

तुझं पत्र आलं तेव्हा बटाटे काढायचं चाललं होतं, म्हणून उत्तराला उशीर.

तू लिहितेस तसं जमणार नाही. २० डिसेंबरपासून ८ जानेवारीपर्यंत घरातला प्रत्येक पलंग पाहुण्यांना भाड्याने दिलाय, एकही रिकामा नाही. बाल्कनीची खोली जर्मनीतल्या वुपरटालच्या नवराबायकोने मार्चमध्येच सांगून ठेवली आहे. हे त्यांचं पाचवं वर्ष. ते तिला "आमची खोली" म्हणतात, आणि खरं सांगायचं तर तुझ्या लग्नानंतर तुझ्यापेक्षा जास्त दिवस तेच राहिलेत तिच्यात.

दहा जानेवारीनंतर आलीस तर दोन खोल्या देता येतील. नाहीतर खालच्या घरात फिलोमेनाकडे विचारते, पण तिची शेगडी धूर फार करते. सोबत आमचं कार्ड ठेवते, या वर्षीच छापून घेतलंय. घरच्यांना काय करता येईल ते यांनी पेन्सिलीने लिहिलं आहे.

राग मानू नकोस. सगळ्यांचे हिवाळे सुट्टीचे नसतात.

वालबुर्गा


व्हिएन्ना, २३ ऑक्टोबर १९६७

वहिनीबाई,

कार्ड मिळालं. सुरेख छापलंय. वर घराचं चित्र, बाल्कनीत लाल फुलांच्या कुंड्या, आणि खाली दर. त्यावर पेन्सिलीने "घरच्यांना दहा टक्के सूट". दादाचं अक्षर ओळखलं मी. लिहिताना हात नाही अडखळला त्याचा?

ती बाल्कनी बाबांनी बांधली तेव्हा एकेक खिळा हातात द्यायला मी शिडीवर उभी होते. माहेरी यायला दरपत्रक लागतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्या वुपरटालच्या माणसांना सांगा, त्या खोलीच्या खिडकीला आतून जो ओरखडा आहे तो माझा आहे. त्याचे पैसे त्यांच्याकडून घेता का?

आम्ही येणार. दहा जानेवारीनंतर नाही, २१ डिसेंबरलाच. तुमचा पलंग नको, उशी नको. आईच्या खोलीत चौघं जमिनीवर पडून राहू. पण हो, आई कुठल्या खोलीत आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. घरातला प्रत्येक पलंग भरला म्हणता, त्यात तिचा धरलात की नाही?

झिटा


हिंटरमोस, ४ नोव्हेंबर १९६७

वन्सं,

तुम्ही "तुम्ही" वर आलात, तर मीही येते.

आईंची खोली विचारलीत. माझ्या मुली कुठे झोपतात ते विचारलंत? माळ्यावर. गवताच्या गाद्यांवर, डोक्याला लोकरीच्या टोप्या घालून, कारण छपराच्या फटींतून वारा येतो. अग्नेस तेरा वर्षांची झाली, सात हिवाळ्यांत एकही नाताळ तिने पलंगावर झोपून काढलेला नाही. हे आणि मी स्वयंपाकघरात पडतो, एक बाकावर, एक जमिनीवर. पाच वाजता उठून अंथरुणं लाकडांमागे लपवायची, कारण पाहुण्यांना दिसली तर बरं दिसत नाही. मग अठरा माणसांची न्याहारी, अठरा माणसांच्या चादरी, आणि मधल्या वेळात नऊ गाई.

आई खाली बॉयलरशेजारच्या खोलीत असतात. अख्ख्या घरात सगळ्यात ऊबदार जागा तीच. त्यांना कोणी ढकललेलं नाही. त्यांनाच विचारा.

तुम्ही दोन उन्हाळ्यांत आलात. बाल्कनीत बसलात, जर्दाळूचे गोळे खाल्लेत, "इथली हवा काय हवा आहे" म्हणालात आणि गाडीत बसलात. माहेरपण तुमचं, खरकटं माझं. तेव्हा मी काही बोलले नाही. आता तुम्ही बोलायला लावलंत.

या रागाने येणार असाल तर येऊ नका.

वालबुर्गा


व्हिएन्ना, २७ नोव्हेंबर १९६७

दादा,

हे पत्र लिफ्टच्या पत्त्यावर टाकतेय. घरी आलेलं पत्र आधी कोण फोडतं ते मला माहीत आहे.

वहिनीचं पत्र आलं तेव्हा मी जरा वरमले होते. मुलींचं वाचून वाईट वाटलं. माफीचं पत्र लिहायला बसणारच होते. तेवढ्यात काल दुपारी लिओपोल्डच्या कचेरीतले प्रोहास्का जेवायला आले. नाताळच्या बेताचं बोलणं निघालं. हिंटरमोसचं नाव ऐकून ते उडालेच.

"अहो, मी गेल्या फेब्रुवारीत तिथेच होतो! चर्चच्या वरचं घर, मोठी बाल्कनी. काय जेवण, काय मालकीण!"

मी त्यांना आणखी सूप वाढलं. मला ऐकायचं होतं. त्यांनी पाकिटातून फोटो काढले. उतार, लिफ्ट, रंगीत टोप्या घातलेली माणसं. आणि एकात ओल्या बुटांच्या रांगा, आणि मधे बुटक्या स्टुलावर आई.

"ही त्यांची म्हातारी मोलकरीण," प्रोहास्का म्हणाले. "मोठी गमतीची बाई. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत बसते आणि कुठला बूट कोणाचा ते न विचारता सांगते. निघताना मी तिला माझे जुने लोकरीचे हातमोजे दिले. काय खूश झाली म्हणता!"

"मोलकरीण म्हणून कोणी सांगितलं?"

"मालकिणीनेच. मी विचारलं, ह्या आजी कोण? तर म्हणाल्या, ती आम्हाला मदत करते."

गेर्डाने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "ही तर आपली आजी." मग कोणालाच जेवण गेलं नाही. बिचारे प्रोहास्का कानापर्यंत लाल झाले. त्यांचा काय दोष? जे सांगितलं ते त्यांनी ऐकलं.

दादा, तू कुठे होतास? तुझ्या घरात तुझ्या आईला मोलकरीण म्हणतात, तिला परक्यांचे उतरलेले हातमोजे मिळतात, आणि तू काय करत होतास? लिफ्टच्या खुर्च्या मोजत होतास?

मी येऊन आईला घेऊन जाणार आहे. दोन खोल्यांच्या घरात पाचव्या माणसाची अडचण नाही होत. वहिनीला सांग, बॉयलरची खोलीही आता भाड्याने दे.

झिटा


हिंटरमोस, लिफ्ट, ३ डिसेंबर १९६७

झिटा,

मला लिहिता येत नाही नीट, तुला माहीत आहे.

ते वाक्य मी ऐकलं आहे. एकदा नाही, बरेचदा. बुर्गा म्हणते त्यात खोटं काय, आई मदत करतेच, अशी मनाची समजूत घातली आणि बाहेर पडलो. याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही.

पण तूही ऐक. घर मला मिळालं म्हणून तू प्रत्येक पत्रात टोचतेस. मिळालं नाही, गळ्यात पडलं. तू सतराव्या वर्षी पेटी उचलून शहरात गेलीस तेव्हा तुला कोणी अडवलं नाही. मला विचारलंसुद्धा नाही कोणी.

आई तुझ्याकडे येणार नाही. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, सगळं. ती म्हणाली, "माझं मी बघते," आणि शाई मागितली. या वर्षी येऊ नकोस. घरात बोलणं बंद आहे. बुर्गा मुलींमार्फत मला मीठ मागते.

सेव्हेरिन


हिंटरमोस, ८ डिसेंबर १९६७

झिटा पोरी,

शाई वाळली होती, तिच्यात कॉफी घातली आहे. फिकट दिसलं तर डोळे ताणून वाच.

आधी तुला झापते. मला व्हिएन्नाला नेणारी तू कोण? मी कपाट आहे का, या भिंतीचं त्या भिंतीला लावायला? तुझ्या शहरात मी काय करू? ट्राम बघू?

खाली मी आपणहून आले. तुझे बाबा गेल्यावर दोन हिवाळे वर एकटी बसले. खिडकीतून बर्फ बघायचं आणि घड्याळ ऐकायचं. खाली माणसं येतात. कोण पडला, कोण कोणावर रुसली, सगळं आधी माझ्या कानावर. बूट हातात घेतला की मला माणूस कळतो. वुपरटालची बाई डाव्या पायाने लंगडते आणि नवऱ्यापासून लपवते. मी तिच्या टाचेखाली जास्तीचा कागद घालते. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. हे काम मला आवडतं. हातमोजेही चांगले आहेत, ते परत मिळणार नाहीत.

आता ते वाक्य. पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा हातात कोणाचा तरी बूट होता, तो तसाच धरून किती वेळ बसले कोण जाणे. बुर्गाची पाठ माझ्याकडे होती. तिला वाटतं मला ऐकू येत नाही. तिचा मला राग आलाच. पण तिच्याहून जास्त सेव्हेरिनचा आला. तो दारात होता. आत येऊन "ही माझी आई" एवढं म्हणायला किती श्वास लागतो? माझ्या पोटचा पोर, बुटातलं बर्फ झटकून निघून गेला.

आणि तुझा. अकरा वर्षांत "आई, हिवाळ्यात तू कुठे झोपतेस" असं तू एकदा विचारलंस? तुला खोली मिळाली नाही तेव्हा माझी खोली आठवली.

झालं माझं. आता मी सांगते तसं कर. रस्त्यापलीकडे कासियानने हॉटेल बांधलं आहे, गुरांचा दलाल होता तोच. तिथे एक खोली तुमच्यासाठी घे आणि एक माझ्यासाठी. माझी रस्त्याच्या बाजूला हवी. माझ्या नावाने घे, पूर्ण नावाने, आणि पुढे आपल्या घराचं नाव लिही. रविवारी, २४ तारखेला, चर्च सुटलं की मी पेटी घेऊन येईन. तेव्हाच सगळा गाव रस्त्यावर असतो.

बुर्गाला मी सांगेन. किंवा नाही सांगणार.

तुझी आई


व्हिएन्ना, १३ डिसेंबर १९६७

आई,

खोल्या घेतल्या. तुझी रस्त्याच्या बाजूची, दुसऱ्या मजल्यावर, कारण पहिल्यावर नव्हती. लिओपोल्ड म्हणतो हा वेडेपणा आहे, पण त्याने तुझं पत्र वाचलेलं नाही. मी कोणाला दाखवलं नाही.

तू मला विचारलंस त्याला उत्तर द्यायला तीनदा कागद घेतला. तिन्ही वेळा तो शेगडीत गेला.

झिटा


हिंटरमोस, १८ डिसेंबर १९६७

वन्सं,

आज पाववाल्याच्या दुकानात, आठ-दहा बायकांसमोर, कासियानच्या बायकोने मला विचारलं, "तुमच्या सासूबाईंना आमच्याकडे उशी मऊ लागते की कडक?" मला काही कळेना. तिने मला सगळं समजावून सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगतात तसं.

मामंजी शेवटपर्यंत ज्या कासियानच्या सावलीला उभे राहिले नाहीत त्याच्याकडे! नाताळात! मी चौदा वर्षं या गावात मान वर करून चालले. एका गड्याची मुलगी या घरात आली म्हणून जे हसले होते, त्यांना मी हसायला जागा ठेवली नव्हती. ती तुम्ही करून दिलीत.

आई माझ्याशी बोलतात. "मीठ कमी आहे," म्हणतात. "काळा पोशाख उन्हात टाक," म्हणतात. एवढंच.

या तुम्ही. पोटभर सुट्टी करा. माझ्या दाराशी मात्र येऊ नका.

वालबुर्गा


व्हिएन्ना, ११ जानेवारी १९६८

वहिनी,

दोन आठवडे समोर राहिलो. तुम्ही एकदाही दार उघडलं नाहीत. ठीक आहे. दादाने मुलांना शिकवलं, त्याबद्दल त्याचे आभार. पेटर न पडता खालपर्यंत येतो. त्या दोन आठवड्यांत दादा आणि मी मिळून दहा वाक्यं बोललो असू, आणि सगळी गुडघे वाकवण्याबद्दल.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही. पाच तारखेला आम्ही निघालो तेव्हा आई हॉटेलच्या पायरीवर उभी होती. तिचे आणखी दोन दिवस मी सांगून ठेवले होते. बस वळली आणि मागच्या काचेतून मला दिसलं, ती पेटी घेऊन रस्ता ओलांडत होती. तुमच्या मागच्या दाराकडे. मागच्या! आमची पाठ वळायची वाट बघत होतात का? काय धमकी दिलीत तिला? तिला लिहिलं तर उत्तर येतं, "मी ऊबेत आहे, बरी आहे." पुन्हा तेच.

मला खरं ऐकायचं आहे. तुमच्याकडूनच.

झिटा


हिंटरमोस, २१ जानेवारी १९६८

झिटा,

खरं विचारलंस, तर बस आणि वाच. मोठं आहे.

त्या रविवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते, हात कणकेने भरलेले. आई काळ्या पोशाखात निघाल्या. रस्ता तो केवढा, पण त्यांनी मधोमध पेटी खाली ठेवली आणि दम खाल्ला. गाव थांबला. कासियान स्वतः धावत आला तर त्यांनी त्याला हातानेच बाजूला केलं. मी यांना म्हटलं, "जा, थांबवा त्यांना." हे म्हणाले, "कुठल्या तोंडाने?" आणि लिफ्टवर निघून गेले. नाताळच्या आदल्या दिवशी, दुपारी, लिफ्ट बंद असताना.

मी रडले नाही. मला तुझा इतका राग आला होता की त्या दिवशी कणीक नुसती आपटत राहिले, पाव दगड झाले.

२९ तारखेला अग्नेसला म्हटलं, बुटांत कागद भर. ती म्हणाली, "नाही भरणार. मग तू मलाही मदत करणारी म्हणशील." मी तिच्या थोबाडीत मारली. आणि मग तशीच, एप्रनवर कोट घालून, रस्ता ओलांडला. तू मुलांना घेऊन उतारावर होतीस. आईंनी तुला हे सांगितलं नसणार.

त्या खाली काचेच्या खोलीत बसल्या होत्या. मी म्हटलं, "घरी चला."

"बस."

"मला वेळ नाही बसायला."

"बस म्हटलं ना."

त्यांनी हात वर केला आणि माझ्यासाठी कॉफी मागवली, साय घातलेली. मी बसले. हिवाळ्यात टेबलाशी बसून, दुसऱ्या कोणी आणून दिलेलं काही पिऊन किती वर्षं झाली ते मला आठवेना. सोड्याने फाटलेले माझे हात कुठे ठेवावेत ते कळेना. आईंनी ते बघितले.

"तसं का म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"लाज वाटली."

"माझी?"

"नाही, माझी. सासूला बुटांत बसवणारी सून म्हणतील म्हणून."

"म्हणून मला नोकर केलंस."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "तीन राजांच्या सणाला, सहा तारखेला, जेवायच्या खोलीत, सगळे असताना मी कोण ते सांग. मग राहीन." मी कॉफी संपवली आणि उठले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

पाच तारखेला त्या आल्या त्या आपल्या पायांनी. मागच्या दाराने, कारण पुढच्या पायऱ्यांवर बर्फ साचलं होतं आणि मी झाडलं नव्हतं. धमकी कसली देणार मी त्यांना? तू आपल्या आईला अजून ओळखत नाहीस.

सहा तारखेला सूप वाढून झालं. अठरा माणसं. आई शेगडीजवळ उभ्या. हे नेहमीसारखे दारात. मी यांना दंडाला धरून आत ओढलं. मोठ्याने म्हटलं, "खाली तुमचे बूट वाळवतात त्या माझ्या सासूबाई. हे घर त्यांचं आहे. इतकी वर्षं मी तुम्हाला खोटं सांगत आले." आणि हे, झिटा, हे म्हणाले, "माझी आई." एवढेच दोन शब्द, पण सगळ्यांना ऐकू गेले.

आणि मग काहीही झालं नाही. वुपरटालचा म्हणाला, "असं होय!" आणि पेला उंचावला. एक बाई म्हणाली, "किती छान." कोणीतरी विचारलं, बटाटे अजून आहेत का. दोन मिनिटांत सगळे उद्याच्या हवेबद्दल बोलायला लागले. ज्यांच्यापुढे मी इतकी वर्षं लाजले, त्यांना त्याचं काहीसुद्धा नव्हतं! आई हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी आत गेले आणि मोठं पातेलं जमिनीवर आपटलं. त्याला आता पोचा आहे.

तुझ्यावरचा राग अजून आहे. यांच्याशी मी कामापुरतंच बोलते. पण पुढच्या हिवाळ्यापासून दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या नाहीत असं ठरलं आहे. एक मुलींची. दुसरी कोणाला, ते आई ठरवतील. वुपरटालला पत्र टाकलं, बाल्कनीची खोली आता मिळणार नाही म्हणून. मी मात्र त्या बाईला खालच्या मजल्यावरची खोली देणार आहे, तिचा पाय दुखतो हे मला आईंनी सांगितलं.

आई या घडीला खाली आहेत. त्यांच्याशेजारी अग्नेस बसली आहे, कोणाच्या तरी बुटावरून दोघी खिदळताहेत. मला कोणी बोलावलेलं नाही. हे पाकीट चिकटवलं की मीही जाऊन बसणार आहे.

वालबुर्गा